पंधराव्या दिवशी कोण?

एस्तेर सिस्टर कुणाला ‘कसे आहात’ असं विचारत नसत. समोरच्याच्या डोळ्याखाली अंगठा लावून पापणी खाली ओढत, आतला रंग बघत आणि त्यावरून पुढचं बोलणं ठरवत. रंग लाल असला तर गप्पा, फिकट असला तर शिव्या. लग्नात आहेर देताना त्यांनी नवरीची पापणी ओढलेली मी पाहिली आहे. एकदा प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेब भाकर घेऊन समोर आले, तर बाईंनी त्यांचीच पापणी ओढली, “साहेब, रक्त कमी आहे तुमचं,” असं हळूच म्हणाल्या आणि मग आमेन म्हणाल्या.

आम्ही दोघं सुरतेत अमरोलीच्या एका लहानशा दवाखान्यात कामाला होतो. मी रक्त-लघवी तपासणारा, त्या तिथल्या सगळ्यात जुन्या नर्स. पेशंट बहुतेक खानदेशातले, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, बारा-बारा तास काम करणारे. यंत्रांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेलेले असायचे, म्हणून सिस्टरांचा आवाज असा घडला होता की आत गुप्तरोगाची चौकशी चालली तर बाहेर रिक्षास्टँडला कळे. स्वतः त्या साक्री तालुक्यातल्या. लग्न होऊन सुरतेला आल्या त्या इथल्याच झाल्या. घरात अहिराणी, वॉर्डात मराठी, बाजारात गुजराती आणि संताप अनावर झाला की नर्सिंगच्या पुस्तकातली इंग्रजी, असं त्यांचं वाटप ठरलेलं होतं. डॉक्टरांशी त्या इंग्रजी बोलू लागल्या की आम्ही आपापली कामं काढून तिथून सटकत असू.

एके दिवशी आमचे डॉक्टर परमार यांच्या मनात आलं की आपणही परदेशी जावं. म्हणजे सेवेला. “इतकी वर्षं गोरे लोक आपल्याकडे येऊन आपल्याला गोळ्या देऊन गेले. आता आपण कुणाला तरी देऊ,” असं ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं देशाची प्रगती ती हीच. युगांडातल्या एका गावची ख्रिस्ती मंडळी कुणाच्या तरी ओळखीनं सापडली, चौदा दिवसांचं मिशन ठरलं आणि चौघांची टीम निघाली: डॉक्टर, पाळकसाहेब, सिस्टर आणि मी. मला नेलं ते मायक्रोस्कोप उचलायला. माझ्या भक्तीबद्दल कुणाचाच गैरसमज नव्हता.

तयारी जोरात झाली. पाठीवर बायबलमधलं वचन छापलेले पांढरे टी-शर्ट आले. सिस्टरांनी तो साडीवर घातला आणि वरून पदर घेतला, त्यामुळे वचनाचा अर्धाच भाग जगाला दिसला. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका कापडवाल्यानं डागी पॉलिस्टर साड्यांचा गठ्ठा ‘तिथल्या गरीब भगिनींसाठी’ दान दिला. तिथल्या उन्हात पॉलिस्टर नेसणाऱ्या भगिनीची मला आधीच कीव आली. सिस्टर मात्र गठ्ठ्यावर हात फिरवत म्हणाल्या, “असू द्या. घसरतं कापड कधी वाया जात नाही.” काय म्हणायचंय ते तेव्हा कुणालाच कळलं नाही. स्वतःच्या पिशवीत त्यांनी उडदाचे पापड, लसणाची चटणी आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या भरल्या.

गावात पोचलो तर पत्र्याच्या छपराचं देऊळ, म्हणजे चर्च, आणि समोर पाचशे माणसं रांगेत. डॉक्टर हर्षानं थरथरले. पण तिथल्या सरकारी उपकेंद्राची नर्स ग्रेस कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी होती. दणकट बाई, बोलायला तिखट. आमच्या खोक्यांत डोकावून तिनं इंग्रजीत विचारलं, “जंताच्या गोळ्या आणल्यात?” डॉक्टर अभिमानानं म्हणाले, “दोन हजार!” तेव्हा ती म्हणाली, “या वर्षात आलेली ही तिसरी टीम. पोरांच्या पोटात आता जंतही राहायला घाबरतात.” सिस्टर इतक्या मोठ्यानं हसल्या की रांगेतली पोरं दचकली. मग त्या पुढे झाल्या, ग्रेसची पापणी खाली ओढून बघितली आणि समाधानानं मान हलवली. ग्रेसनं लगेच त्यांची ओढली. त्या क्षणी दोघींची मैत्री झाली.

सिस्टरांचं पहिलं भांडण दुसऱ्याच दिवशी झालं. मर्सी नावाची अकरा वर्षांची मुलगी आईनं आणली होती. तिला फिट येत. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. शाळा सुटली होती, विहिरीवर एकटी जाऊ देत नसत, स्वयंपाकाच्या चुलीजवळ बसू देत नसत. डॉक्टरांनी तपासलं, सुरतेहून आणलेल्या फिटच्या गोळ्यांपैकी महिनाभराच्या लिहून दिल्या आणि ‘नेक्स्ट’ म्हणाले. सिस्टरांनी खोकं बंद केलं आणि त्याच्यावर बसल्या.

“सिस्टर, उठा. रांग थांबलीये.”

“थांबू द्या. आपण चौदा दिवस. पंधराव्या दिवशी कोण?”

“महिन्याच्या दिल्यात ना मी.”

“मग एकतिसाव्या दिवशी कोण? फिटची गोळी म्हणजे चॉकलेट आहे का, संपलं तर संपलं? अर्धवट सोडली तर आधीपेक्षा जोरात फिट येते, हे मला तुम्हीच शिकवलंय.”

“सिस्टर, देवावर भरवसा ठेवा.”

“ठेवलाय की. पण देव काही मेडिकल स्टोअर चालवत नाही.”

डॉक्टरांना त्या दिवसाचा दोनशे पेशंटांचा आकडा गाठायचा होता. आकडा रोज संध्याकाळी सुरतेच्या ग्रुपवर जाई आणि तिकडून हात जोडलेली चित्रं येत. सिस्टरांना त्या आकड्याचा राग होता. त्यांच्या मते दोनशे माणसांना डोकेदुखीची गोळी देण्यापेक्षा एका आईला पोराचं पाणी उकळायला शिकवलेलं बरं. पण पाणी उकळण्याचा फोटो चांगला येत नाही, हेही त्यांना माहीत होतं.

ग्रेस म्हणाली, “या गोळ्या सरकारकडून येतात आमच्याकडे. कधी येतात, कधी तीन-तीन महिने येत नाहीत. मी तरी कुठून आणू?” मर्सी खोक्याजवळ बसून सिस्टरांच्या बांगड्या मोजत होती.

मग सिस्टर मीठ आणायला म्हणून गावच्या मोठ्या दुकानात गेल्या आणि दुपार झाली तरी परतल्या नाहीत. त्यांना शोधायला मला पाठवलं. दुकान म्हणजे साखर, साबण, गाद्या, बॅटऱ्या, सगळं. गल्ल्यामागे कांतिकाका नावाचे गुजराती गृहस्थ बसलेले. सिस्टरांनी त्यांना बघताक्षणी सरळ गुजरातीत विचारलं होतं, “कया गामना?” उत्तर आलं होतं, कामरेजजवळचे. झालं. अमरोली ते कामरेज अंतर ते किती! युगांडात दोघं शेजारीच निघाले.

दुकानाच्या वर कांतिकाकांची आई, बा, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. सांभाळायला ठेवलेली गावातली बाई जीव लावून करायची, पण बांना तिची भाषा कळेना आणि बा तिला अंगाला हात लावू देईनात. कांतिकाका पडले मुलगा, त्यांना आईला आंघोळ घालायची लाज. पाठीवर, कमरेवर खोल जखमा झालेल्या. सिस्टरांनी जखमा बघितल्या आणि खाली येऊन कांतिकाकांना जे काही सुनावलं ते शुद्ध सुरती होतं. सुरती शिव्यांची कीर्ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. कांतिकाका ऐकता ऐकता रडायला लागले. बारडोलीच्या मामानंतर असं प्रेमानं कुणी बोललं नव्हतं, असं ते मला पुढे म्हणाले.

पुढचे चार दिवस सिस्टर सकाळी शिबिरात आणि दुपारी बांकडे. डागी साड्यांचा गठ्ठा तेव्हा कामाला आला. पॉलिस्टर साडीची घडी अंगाखाली सरकवली की जड माणूसही न घासता कुशीवर वळवता येतं. ही आमच्या दवाखान्यातली युक्ती, सुरतेच्या नर्सला साडी फुकट मिळते म्हणून निघालेली. त्यांनी ती बांच्या कामवालीला शिकवली, ग्रेसला शिकवली, दर दोन तासांनी कूस बदलायची, जखम कशी धुवायची, सगळं. बा सिस्टरांचा हात धरून सुरतेच्या पोंकाची, म्हणजे हुरड्याची, आठवण काढायच्या. सिस्टर म्हणायच्या, “आधी नीट वळा, मग पोंक.”

डॉक्टरांना हे अजिबात रुचलं नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत ते डोळे मिटून देवाला उद्देशून म्हणाले, “प्रभो, आम्ही गरिबांसाठी आलो, पण आमच्यातले काही जण श्रीमंताच्या माडीवर रमले आहेत, त्यांना मार्ग दाखव.” देवाला सांगण्याच्या निमित्तानं एकमेकांना टोमणे मारायची ही आमच्याकडची जुनी सोय. सिस्टरांनीही डोळे मिटले आणि त्याच देवाला उत्तर दिलं, “प्रभो, विहीर ज्याच्या बांधावर असते त्याच्याकडूनच पाणी आणावं लागतं, हे तू डॉक्टरसाहेबांना समजाव.” मी आमेन म्हटलं. त्या प्रवासातलं माझं ते पहिलं मनापासूनचं आमेन.

पाणी कुठलं ते दुसऱ्या दिवशी कळलं. कांतिकाकांनी विचारलं, “बेन, तुम्हाला काय देऊ?” सिस्टर म्हणाल्या, “मला काही नको. तुमचा ट्रक दर आठवड्याला कंपालाला जातो. महिन्यातून एकदा त्यातून मर्सी नावाच्या मुलीच्या फिटच्या गोळ्या आणायच्या आणि ग्रेसच्या हातात द्यायच्या.” कांतिकाका म्हणाले, “एमां शुं? मोकली दईश.” सिस्टरांनी ‘पाठवून देईन’ एवढ्या नुसत्या होकारावर सोडलं नाही. त्यांना माडीवर नेलं, बांच्या डोक्यावर हात ठेवायला लावला आणि परत म्हणायला लावलं. मग खोक्यावरून उठाव्यात तशा सिस्टर त्या हट्टावरून उठल्या आणि मर्सीची पहिली गोळी त्यांनी स्वतःच्या हातानं तिला दिली.

उरलेल्या आठ दिवसांत मर्सीला एकही फिट आली नाही. आई रोज तिला घेऊन यायची, काही नको असलं तरी, नुसतं दाखवायला.

निघायच्या दिवशी निरोपाची सभा झाली. पाळकसाहेब चौदा दिवस तसे मोकळेच होते. वचन वाचायचं, फोटोत मधे उभं राहायचं. शेवटच्या दिवशी त्यांना सूर सापडला. त्यांनी मर्सीला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना सुरू केली. आमचे पाळकसाहेब एरवी मवाळ माणूस, पण त्या दिवशी पत्रा हादरला. “ही मुलगी बरी झाली आहे! आजार गेला आहे!” तिथला दुभाषा त्यांच्याहून उत्साही, तो एकाची तीन वाक्यं करत होता. बायका रडत होत्या, मर्सीची आई जमिनीवर लोळत होती, डॉक्टर मोबाइलवर चित्रण करत होते. गाडीवाला भोंगा वाजवत होता. सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि आम्ही निघालो.

सुरतेला साक्षीचा रविवार, म्हणजे जाऊन आलेल्यांनी अनुभव सांगायचा, दणक्यात झाला. पडद्यावर फोटो, आकडे, शेवटी मर्सीची चित्रफीत. टाळ्या पडल्या. सिस्टरांना बोलायला सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “आपण गेलो, त्यांचा पाहुणचार खाल्ला, आलो. आता त्यांची आठवण ठेवा.” मंडळीला हे जरा कोरडं वाटलं. दर महिन्याच्या सुरुवातीला मात्र ग्रेसनं पाठवलेला फोटो सिस्टरांच्या मोबाइलवर यायचा, मर्सीच्या हातात गोळ्यांचं पाकीट. कांतिकाका शब्दाला जागले होते. सिस्टर तो फोटो वॉर्डभर दाखवत फिरत, नातीचा असल्यासारखा.

चौथ्या महिन्यात फोटो आला नाही. पाचव्यात ग्रेसचा फोन आला. दुपारची वेळ होती, सिस्टर माझ्या प्रयोगशाळेत डबा खात होत्या. त्यांनी तो स्पीकरवर लावला.

ग्रेस सांगत होती ते असं: पाळकसाहेबांनी ती चित्रफीत प्रेमानं तिकडच्या मंडळीला पाठवली होती. तिथं ती रविवारी सगळ्यांसमोर दाखवली गेली. पाळकच म्हणतोय बरी झाली, मग गोळ्या कशाला? गोळी घेणं म्हणजे देवावर संशय घेणं, असं कुणीतरी म्हणालं. आईनं गोळ्या बंद केल्या. ग्रेस दारात जाऊन ओरडली, पाया पडली. आईनं तिला मोबाइल दाखवला आणि विचारलं, तू मोठी की हे मोठे? गोळ्या बंद झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मर्सीला चुलीपाशी फिट आली. बरी झाली म्हणून आता तिला चुलीपाशी बसू देत होते. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

“जिवंत आहे,” ग्रेस म्हणाली. “पण आई अजून गोळ्या देत नाही. म्हणते, आमची श्रद्धाच कमी पडली.”

सिस्टरांनी डबा झाकला. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्या आल्या नाहीत. “रविवारी पाळकसाहेबांकडे जायचं. तू चल,” एवढंच म्हणाल्या.

पाळकसाहेब कोसाडला राहत. आम्ही गेलो तेव्हा ते नुकतेच उपासना आटोपून जेवायला बसत होते. सिस्टरांनी सगळं सांगितलं, हलक्या आवाजात. तो आवाज त्यांच्याकडे आहे हे मला त्या दिवशी कळलं. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला.

“पण गोळ्या बंद करा असं मी कुठं म्हणालो?”

“चालू ठेवा असंही नाही म्हणालात.”

“मी आता काय करू, सिस्टर?”

“तुमच्याच तोंडानं बिघडलं, तुमच्याच तोंडानं निस्तरेल. माझं तिथं कोण ऐकतंय? मोबाइलसमोर बसा आणि सांगा. आणि साहेब, तुमची साखरेची गोळी आणा.”

पाळकसाहेबांना मधुमेह होता हे डॉक्टरांखेरीज मंडळीत तिघांनाच माहीत होतं: त्यांच्या पत्नीला, त्यांचं रक्त तपासणाऱ्या मला आणि बोट टोचणाऱ्या सिस्टरांना. मंडळीत ते आजाऱ्यांवर हात ठेवून बरं होण्यासाठी प्रार्थना करीत. स्वतः गोळी घेतात हे कळलं तर लोकांचा विश्वास उडेल, अशी त्यांना भीती होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं.

“सिस्टर, हे सुरतेलाही पोचेल.”

“पोचेल.”

शेवटी पाळकीणबाईच स्वयंपाकघरातून आल्या आणि गोळ्यांची पट्टी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. “घ्या. तशीही जेवणाआधीची घ्यायची राहिलीये,” त्या म्हणाल्या.

मी चित्रण केलं. पाळकसाहेबांनी गोळी वर धरून दाखवली, म्हणाले, “मी पाळक आहे. मी रोज प्रार्थना करतो आणि रोज ही गोळी घेतो. दोन्ही देवाकडूनच येतात. मर्सीच्या आईनं मला क्षमा करावी आणि आजच तिला गोळी द्यावी.” मग त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी शर्टावर सांडलं, ठसका लागला. “परत घेऊ का?” मी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, “नको. ठसका राहू दे. खरा वाटतो.”

ग्रेसनं ते तिकडच्या मंडळीत दाखवलं. त्याच संध्याकाळपासून मर्सीच्या गोळ्या सुरू झाल्या, फिट थांबल्या, ती शाळेत जाऊ लागली. भाजलेल्या हाताची दोन बोटं मात्र उघडली नाहीत ती नाहीतच. सुरतेतही ते पसरलं, पाच-सहा घरं नाराज झाली. पण पुढच्या महिन्यात मंडळीतली सात माणसं माझ्याकडे गुपचूप साखर तपासायला आली. त्यातल्या चौघांची वाढलेली निघाली. माझ्या मते पाळकसाहेबांची सेवा त्या दिवशी खरी सुरू झाली. डॉक्टर परमारांनी पुढच्या वर्षीही टीम नेली, पण आकडा पाठवायचं बंद केलं. सिस्टर गेल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात सिस्टर गेल्या. प्रेतयात्रेला आमची मंडळी होती, लूमवाले होते, कापडवाले होते. थडग्यापाशी जो तो सांगत होता, बाई कुणाची भीड ठेवायची नाही, तोंडावर बोलायची. सगळं खरं होतं. मीही बोललो, लोकांना हसवलं. पण एक गोष्ट मी तिथं सांगितली नाही.

पाळकसाहेबांकडून रिक्षानं परतताना मी त्यांना विचारलं होतं. माझा स्वर जरा दरडावणीचाच होता. म्हटलं, “सिस्टर, तुम्ही भल्याभल्यांना सोडत नाही. ती प्रार्थना चालली होती तेव्हा तिथंच का नाही बोललात? ‘गोळ्या चालू ठेवा’, एवढे तीन शब्द.”

त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. अमरोलीचा पूल आला तशा त्या बोलल्या, आणि माझ्याशी कधी बोलत नसत त्या घरच्या अहिराणीत बोलल्या.

“मी बी आमेन म्हनं ना रे भाऊ. सर्वास्नापेक्षा जोरमा.”

रिक्षा पुलावर चढली.

“इतला वरीस गोळ्याच दिन्यात,” त्या म्हणाल्या. “त्या दिन माले बी वाटनं, बरी व्हई जाई पोर.”

त्यांनी पदरानं नाक पुसलं. मी रिक्षावाल्याला पुढच्या नाक्यावर थांबायला सांगितलं आणि दोघांसाठी चहा घेतला.